आठशे पस्तीस फूट

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्याने केली, त्याने सरडा पाहिला असेल. ठमी पाहिली नसणार. आमच्या ठमीची धाव कुंपणापासून सुरू होते.

दापोलीच्या बाजूला आमची एक एकर जागा आहे. घर, विहीर, हापूसची वीसेक कलमं आणि ठमी-मोत्या ही गावठी जोडी. मुंबईत दोन खोल्यांत नोकरी संपवलेल्या माणसाला एकर म्हणजे संस्थान वाटतं. एवढी मोकळी जागा असताना कुत्र्यांना बाहेर जायची गरजच काय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असे. ठमीला ते संस्थान दोन खोल्यांएवढंच वाटत होतं, हे पुढे कळलं.

कुंपण हौसेनं घातलेलं नाही. आमच्याकडे बिबट्या उतरतो. त्याला इथे वाघच म्हणतात आणि वाघाला कुत्र्याइतकं सोपं सावज दुसरं नाही. पाच फुटी जाळी त्याला अडवत नाही, हे मलाही कळतं; म्हणून रात्री दोघं पडवीत कोंडलेली असतात. पण कोंडायला कुत्रं आधी घरात असावं लागतं. दिवेलागणीला मोत्या पायरीवर हजर आणि ठमीचा पत्ता नाही, अशा किती संध्याकाळी मी बॅटरी घेऊन पाणंदीत हाका मारत हिंडलोय! परवचा म्हणायच्या वेळेला ‘ठमेऽ, ठमेऽ’. समोरच्या घरच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की मी बायकोलाच हाका मारतो.

आता हिशेब सांगतो. एक एकर चौकोनी धरला, तर एक बाजू दोनशे नऊ फुटांच्या आसपास येते आणि सगळी कड मिळून आठशे पस्तीस फूट. माझ्या वाट्याला आठशे पस्तीस फूट राखणं आणि ठमीला त्यातला एक फूट पुरतो. जगातल्या सगळ्या पहारेकऱ्यांचं दुखणं हेच असावं.

खणण्यात मात्र तिचा हात धरणारा कोणी नाही. आमच्याकडे जांभा, पहार आपटली तर ठणका खांद्यापर्यंत येतो. पण जांभा कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, हे तिला पंजानं कळतं. पावसाळ्यात पाणी जिथून जाळीखालून वाहून जातं, तिथे माती पोखरलेली असते. तिथेच ती बसते. पुढचे दोन पंजे यंत्रासारखे, माती मागच्या पायांमधून थेट माझ्या मोगऱ्यावर. मग नाक, मग खांदे, मग पोट सपाट करून घसरत पलीकडे. मोत्या शेजारी उभा राहून बघतो. तो स्वतः कधी खणत नाही. तयार भुयारातून मात्र संकोच न करता जातो.

मी खड्डा बुजवायचो, ती चार हातांवर दुसरा काढायची. कोणी म्हणालं मिरची टाका. बायकोनं ते ऐकूनही घेतलं नाही. कोणी म्हणालं तिचीच घाण खड्ड्यात टाका. ती टाकली. त्या खड्ड्याला ती पुन्हा शिवली नाही हे खरं. पण एकूण खड्ड्यांत फरक पडला नाही.

कामाला येणारे तात्या एकदा पहार टेकून म्हणाले, ‘‘भाऊ, ती खणते कुठं ते किती दिवस बघणार? खणते कशाला ते बघा.’’

मग मी खड्डे वाचायला लागलो. विहिरीजवळचा उथळ, तिच्याच अंगाच्या मापाचा, तो वैशाखातला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून वरची तापलेली माती काढून ते खालच्या गारव्यात पोट टेकतं. कलमाच्या बुंध्याशी खोल, अरुंद, तिरका. तो घुशीच्या बिळामागे. इंग्रजांनी कुत्र्याच्या एका जातीला टेरियर म्हटलं, त्या नावात लॅटिनमधली जमीनच आहे. बिळात शिरून शिकार काढणारी ही जात. आमच्या ठमीला लॅटिन येत नाही, घूस येते. भादव्यातले खड्डे कशासाठी, ते सांगायला नको. त्यावर्षी तिचं ऑपरेशन करून घेतलं आणि ते प्रकरण मिटलं.

राहिले कुंपणालगतचे. ते सगळे दुपारी चारच्या सुमाराचे निघाले. उन्हं उतरलेली, मी वामकुक्षीत, करायला काही नाही. कंटाळ्याचे खड्डे! हे मी हिला मोठ्या शोधाच्या थाटात सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘निवृत्त होऊन आलात तेव्हा सहा महिने तुम्हीही परस खणतच होतात की. काय लावायचं ते ठरलेलंसुद्धा नव्हतं.’’

तेव्हापासून चारला मी आणि ठमी फिरायला जातो. आंब्याखाली तिला वाळूचा ढीग करून दिला आहे. त्यात भाकरीचे वाळके तुकडे पुरून ठेवतो आणि ती ते सरकारी खजिन्यासारखे उकरते. शिवाय जाळीच्या बुडाशी आतल्या अंगाला दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरली, कुंपणाला तारेनं बांधली, वर चिरे ठेवले. कुत्रं कुंपणाच्या अगदी मुळाशी खणायला बसतं आणि पंज्याखाली जाळी लागते. दोन फूट मागे सरकून खणावं, हे त्याला सहसा सुचत नाही. कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळात हात जोडताना तसबिरीतल्या चार कुत्र्यांकडे हल्ली माझं लक्ष जातं. मोकळीच आहेत, पण कुठे जात नाहीत.

महिनाभर एकही खड्डा नाही. मग परवा संध्याकाळी ठमी पुन्हा गायब. आठशे पस्तीस फूट बॅटरीनं तपासले, जाळी शाबूत. शेवटी फाटकाशी आलो, तर बाईसाहेब बाहेर बसलेल्या. मी कडी काढून त्यांना रीतसर आत घेण्याची वाट बघत. फाटकाखाली ताजा खड्डा. ते दहा फूट मी हिशेबात धरलेच नव्हते.

तात्या सोमवारी तिथे चिऱ्यांचा उंबरठा घालणार आहेत. तोवर आमच्याकडे येणार असाल, तर फाटकात पाय जपून टाका. आणि ती बाहेर बसलेली दिसली, तर आधी तिला आत घ्या, मग हाक मारा.