पत्ता चुकला म्हणून घर पाडू नका

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाचं नेटवर्क बिघडलं की ठरलेला सल्ला मिळतो : ‘कार्ड पुसा, सिस्टिम नव्याने टाका.’ हा सल्ला नव्हे, आळस आहे. त्या कार्डावर कुणाचा तरी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असतो, कुणाच्या महिनोन्‌महिन्यांच्या तापमानाच्या नोंदी असतात.

राउटरला मागे टाचणीने दाबायची रीसेटची कळ असते, तशी या बोर्डाला नाही. म्हणून माणसं घाबरतात. पण मूळ सेटिंग म्हणजे काय? बोर्डाने राउटरकडे पत्ता मागायचा आणि मिळेल तो घ्यायचा. आपण हाताने कायमचा पत्ता बांधून टाकतो, पुढे राउटर बदलतो आणि बोर्ड सापडेनासा होतो. बहुतेकदा एवढंच घडलेलं असतं. तो बांधलेला पत्ता सोडवला की काम झालं.

खरा घोळ तो पत्ता कुठे लिहिलाय, याचा आहे. 2012 साली पाय बाजारात आला तेव्हा तो ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये लिहीत. 2015 मध्ये कारभार डीएचसीपीसीडी या प्रोग्रामकडे गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये पायच्या सिस्टिमची ‘बुकवर्म’ ही आवृत्ती आली आणि सगळं नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामच्या हाती आलं. आता डीएचसीपीसीडीची जुनी फाइल कितीही निगुतीने भरा, ती कोणी वाचत नाही. ‘इंटरफेसेस’चं तर त्याहून वाईट : त्यात ईथरनेट पोर्टचं नाव दिसलं की नेटवर्क मॅनेजर त्या पोर्टाला हातच लावत नाही. म्हणजे जुना उपाय नुसता वाया जात नाही, चालतं नेटवर्क बंद पाडू शकतो. आपली कृती कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे न सांगता व्हिडिओ टाकणाऱ्यांनी याची जबाबदारी घ्यावी.

फाइल उडवून पॅकेज पुन्हा टाकलं की मूळ फाइल परत येते, हाही गैरसमज. पायची सिस्टिम ज्या डेबियनवर उभी आहे, त्यात तुम्ही कॉन्फिगची फाइल पुसलीत, तर तो तुमचा निर्णय मानला जातो. नेहमीच्या पद्धतीने पॅकेज टाकून ती परत येत नाही.

तेव्हा आधी आवृत्ती बघा. बुकवर्म किंवा त्यापुढची असेल तर बोर्डाला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडा, टर्मिनलमध्ये नेटवर्क मॅनेजरचं ‘एनएमटीयूआय’ हे साधन उघडा, जोडणीचा आयपीव्ही4 पर्याय ‘ऑटोमॅटिक’ करा, हाताने घातलेला पत्ता, गेटवे आणि डीएनएस काढा, जोडणी बंद करून परत चालू करा. ‘इंटरफेसेस’मध्ये आपण घातलेल्या ओळी असतील तर त्यांच्यापुढे हॅशचं चिन्ह टाका आणि बोर्ड रीस्टार्ट करा. कोणतीही फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवा. कार्ड पुसायची वेळ क्वचितच येते.

आणि पाय बनवणाऱ्यांनो, हा बोर्ड तुम्ही शिकणाऱ्या मुलांसाठी काढलात. मग सेटिंग बदलायच्या रास्पी-कॉन्फिग या साधनात ‘नेटवर्क मूळ स्थितीत आणा’ एवढा एक पर्याय द्याच.