पाकीट नाही, पाप नाही

उपनगरी शुद्धाहार ही मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली या भागांत पाळली जाणारी आहारपद्धती होय. तिचा मूळ नियम एकच: ज्याच्या पाकिटावर घटकांची यादी छापलेली असते, ते वाईट. यादी जितकी लांब, तितके पाप मोठे.

शास्त्राधार ब्राझीलचा आहे. साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नावर किती आणि कशासाठी प्रक्रिया होते, यावरून ते वर्गांत विभागले. पुढे ही विभागणी ‘नोव्हा’ नावाने चार गटांत स्थिरावली. उपनगरात त्यातला फक्त चौथा, अतिप्रक्रियायुक्त गट पोहोचला. तोही फॉरवर्ड होऊन.

मुख्य विधी सुपरमार्केटात होतो. पाकीट उलटे करतात, चष्मा कपाळावर चढवतात, अक्षरे नाकाशी आणतात. ‘आयएनएस ५००’ दिसले की पाकीट फळीवर परत जाते. हा क्रमांक खायच्या सोड्याचा. तोच सोडा घरी ढोकळ्यात चमच्याने पडला, तर ढोकळा हलका होतो आणि खाणाऱ्याचे मनही.

‘घरगुती’ ही या पद्धतीतली सर्वोच्च पदवी. प्लास्टिकच्या पिशवीत चकली भरून तोंडाला स्टेपलरची पिन मारली की ती मिळते. कोणते तेल, कितव्यांदा तापलेले, हे विचारणे असंस्कृतपणाचे मानतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा आहे. लोणचे तिच्यात धरत नाहीत. ते ताटात डावीकडे असते.

सकाळच्या फेरीनंतर हिरवा रस घेण्याची शाखा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास विशेष बळकट. रस कडू, म्हणून गुणकारी, असे तिथले तत्त्व. कडू लागलेला दुधीचा रस पिऊ नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितले आहे. पण तज्ज्ञ फेरीला येत नाहीत.

वडापाव दोषमुक्त आहे. पाव मैद्याचा, वडा तळलेला, चटणीत शेंगदाणे की कालचा चुरा हे गाडीवाल्यालाच ठाऊक. पण पाकीट नाही. तो वर्तमानपत्राच्या कागदात मिळतो, आणि त्या कागदावर अग्रलेख असतो, घटकांची यादी नसते. शाई अन्नाला लागते म्हणून असा कागद वापरू नका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरण बजावत आले आहे. अग्रलेखांचा याहून जास्त परिणाम आजवर नोंदला गेलेला नाही. घाटकोपरच्या खाऊगल्लीतला चीज डोसाही याच कलमाखाली सुटतो. किसणीखाली चीजचा ढीग डोळ्यांदेखत वाढतो, म्हणजे व्यवहार पारदर्शक. चीजचे वेष्टन गाडीमागच्या डब्यात गेलेले असते.

अडचण एकाच पदार्थाची. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. मधली कित्येक वर्षे लोकलमध्ये डुलकी लागलेल्याला आपले स्टेशन आल्याचे त्या वासाने कळे. ग्लुकोज बिस्किटात मैदा, साखर, पामतेल असते. पाकीट आहे, यादीही आहे. नियमाप्रमाणे ते वर्ज्य ठरते. म्हणून ते घरी आणल्याबरोबर फोडून स्टीलच्या डब्यात भरतात आणि चहा टाकतात.