गाडीवानाची डुलकी

खांडबाऱ्याचा बाजार उठला की पूर्वी बैलगाड्या पाड्यांच्या वाटेला लागायच्या आणि त्यातले बरेच गाडीवान आडवे झालेले असायचे. कासरा सैल, तोंडावर टोपी. बैल नाल्यापाशी आपसूक हळू व्हायचे, चढ बेताने काढायचे आणि बरोबर आपल्याच अंगणात येऊन थांबायचे. मोटारकंपन्या आज ज्या सोयीचे जादा पैसे लावतात, ती आमच्याकडे कडब्यावर चालत होती. शिवाय घरी जायची ओढ बैलांनाही होती. मोटारीच्या संगणकाची अशी कुठे गव्हाण नसते.

दिवाळीत भाचा सुरतेहून नवी गाडी घेऊन आला आणि मला विसरवाडीला घ्यायला थांबला. "मामा, ही पट्ट्या बघून आपली आपण सरळ राहते," म्हणाला. हायवेवर राहिलीही असेल. खांडबाऱ्याकडे वळल्यावर मात्र पट्टी सापडेना. त्यात समोर डोकाऱ्याच्या साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, ऊस रस्त्यावर लोंबलेला. गाडी एकाएकी कोंबडीसारखी कोकलली, तेव्हा भाच्याने मोबाइलमधून मान वर काढली. गाडी जागी आहे म्हणून हा निर्धास्त; हा बसलाय म्हणून गाडी निर्धास्त. मी मात्र दोघांसाठी मिळून दरवाजावरची दांडी घट्ट धरली होती.

भाच्याला तरी किती बोलायचं? नुसतं बघत बसणं माणसाला जमतच नाही. 1940 च्या दशकात नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना एका घड्याळासमोर बसवलं होतं. काट्याने कधीतरी दुप्पट उडी मारली की तेवढं सांगायचं. अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या, आणि तेव्हा खिशात मोबाइलही नव्हता. मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात चाचणीच्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती बिचारी गेली. देखरेखीसाठी आत बसवलेली चालक फोनवर गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम पाहत होती.

आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ गाड्यांचं बघा. इंजिनाला स्टिअरिंग नाही, रूळ सोडून कुठे वळायची सोय नाही. तरीही रेल्वे माणसावर फारशी विसंबत नाही. लोको पायलटने मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, भोंगा वाजतो, आणि त्याने बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतो. वर तो आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतोच. पण तोंड चालू असलं की डोळा लागत नाही, हे आमच्या ओट्यावरच्या मंडळींनाही ठाऊक आहे.

काही मोटारीही आता चाकावर हात नसला की कुरकुरतात. त्यावर अमेरिकेतल्या काही हुशार लोकांनी तोड काढली: चाकाच्या फटीत एक संत्रं खोचायचं. गाडीला वाटतं, धनी हात धरून बसलेत.

हे मी भाच्याला सांगायला नको होतं बहुतेक. त्याचे डोळे एकदम चमकले. "मामा, संत्रं नसेल तर इकडचं काय चालेल?"

"सीताफळ," मी म्हणालो. "चांगलं पिकलेलं घे. आणि सीटवर आधी टॉवेल टाक."