शिकाऊ हात

साठीला टेकलेल्या बाईने स्वतःसाठी दुरेघी वही विकत घ्यावी, असा आपल्याकडे प्रघात नाही. त्यामुळे दुकानदाराने वहीबरोबर खोडरबर आणि शार्पनर न मागताच काढून ठेवलं आणि कौतुकाने विचारलं, "नातू पहिलीत का?" मी म्हटलं, "हो, यंदाच घातलाय." आता काउंटरवर उभं राहून कुठे सगळी कथा सांगत बसा. पहिलीत घातला होता तो माझा डावा हात.

निमित्त अगदी किरकोळ होतं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शीर सुजली. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि पेन, मोबाइल, लाटणं अशी तिन्ही शस्त्रं खाली ठेवायला सांगितली. पैकी लाटणं मी आनंदाने ठेवलं. पेनाचं काय करायचं? तेव्हा इतकी वर्षं नुसता शेजारी बसून राहिलेल्या डाव्याकडे लक्ष गेलं. पुढे यथावकाश पट्टा निघाला, उजवा कामावर रुजू झाला, पण डाव्याची शाळा काही सुटली नाही.

यात मेंदू तल्लख करायचा वगैरे हेतू नव्हता, हे आधीच सांगते. डाव्या हाताने दात घासा म्हणजे मेंदू तरुण राहतो, असा सल्ला मला रोज सकाळी फुलांच्या चित्रांसकट येत असतो. लॉरेन्स कॅट्झ या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने १९९९ साली एका पुस्तकात असले व्यायाम सुचवले होते. त्यातला दात घासण्याचा भाग आता निनावी होऊन गावभर फिरतो आहे. मीही करून पाहिला. मेंदूचं माहीत नाही, हिरड्यांना मात्र नक्की जाग आली.

या बाबतीत खरा कहर केला तो इंग्रजांनी. हस्ताक्षराचे धडे देणाऱ्या जॉन जॅक्सन या गृहस्थांनी १९०५ साली, माणसाने दोन्ही हात सारखेच तयार करावेत म्हणून एक अख्खं पुस्तक लिहिलं. स्काउटवाल्या बेडन-पॉवेल यांनी त्याला प्रस्तावना दिली आणि खाली दोन सह्या ठोकल्या, एक उजव्याने आणि एक डाव्याने. जॅक्सनसाहेबांचं स्वप्न असं, की माणसाने एका हाताने पत्र लिहावं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पियानो वाजवावा, दोन्हींत उणं येऊ न देता. साहेबांच्या घरी दूध उतू जात नसावं. दोनच वर्षांनी जेम्स क्रिच्टन-ब्राउन नावाच्या नामांकित डॉक्टरांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन या खुळाचा समाचार घेतला, आणि पुढे ती चळवळ विरून गेली. स्काउटची मुलं मात्र अजून डाव्या हाताने हस्तांदोलन करतात.

वही उघडली तेव्हा सासूबाई समोर चष्मा पुसत बसल्या होत्या. "अगं, काय वाटेल ते कर," त्या म्हणाल्या, "पण श्री तेवढी उजव्या हाताने काढ." पट्ट्यातल्या हाताने मी कशीबशी श्री काढली. आजही माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर वर उजव्या हाताची देखणी श्री असते आणि खाली डाव्याचा गोंधळ. एखाद्या संस्थेचं छापील लेटरहेड आणि त्याखालचा कारभार, तसं ते दिसतं.

पहिला धक्का बसला तो 'व' लिहिताना. कान्याच्या डावीकडे असायचं ते पोट सरळ उजवीकडे सुटलं. 'क'चंही तेच. हात चुकत होता म्हणावं तर रेघ छान गोल आली होती, फक्त आरशातली होती. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. उजव्या हाताला शरीरापासून बाहेरच्या बाजूला, म्हणजे डावीकडून उजवीकडे, रेघ ओढणं सोपं जातं. डाव्याची बाहेरची बाजू नेमकी उलटी. त्याला मोकळं सोडलं तर तो उजवीकडून डावीकडे आणि उलटी अक्षरं लिहिणार. लिओनार्दो दा विंची डावखुरा होता आणि आपल्या वह्या तशाच लिहायचा. ते गुप्तलेखन होतं म्हणून लोकांनी कथा रचल्या, पण माझी दुरेघी वही पाहिल्यावर त्यात गुप्त काही असेल असं वाटत नाही. ओल्या शाईवरून हात फिरला नाही म्हणजे मिळवली, एवढाच विचार त्या माणसाने केला असेल. खात्री करायची असेल तर दोन्ही हातांत खडू घ्या आणि फळ्यावर एकदम 'ग' काढा. डावा आपसूक आरसा धरतो.

याच कारणाने त्याची काही अक्षरांशी पहिल्या दिवसापासून गट्टी आहे. 'ठ' त्याला आवडतो. 'ळ' तर लाडका, कारण दोन्हीकडे सारखीच पोटं, कुठूनही या. चारचा आकडाही तसाच. गंमत झाली ती तीन आणि सहाची. हे दोघे एकमेकांचे आरसे, म्हणून तर छत्तीसच्या आकड्यात पाठीला पाठ लावून बसतात. मी छत्तीस लिहायला गेले, डाव्याने एकेक आकडा उलटा काढला, आणि झाले त्रेसष्ट! जन्माचे वैरी समोरासमोर गप्पा मारत बसलेले. मात्र अख्खा छत्तीस जसाच्या तसा आरशापुढे धरला तर आतही छत्तीसच दिसतो. काही भांडणं कुठल्याच बाजूने मिटत नाहीत, असं आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर माझं मत झालंच होतं.

डाव्याची एकच गोष्ट मी उजव्यापुढे मिरवू शकते, ती म्हणजे शिरोरेघ. ती डावीकडून ओढली काय आणि उजवीकडून ओढली काय, वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. शब्द लिहून झाला की डावा शेवटच्या अक्षरापासून मागे येत एका दमात ती ओढतो, आणि खाली लटकलेली वेडीवाकडी अक्षरं दोरीवरच्या वाळवणासारखी एकदम शहाणी दिसायला लागतात. शिरोरेघ ज्याने कुणी आपल्या लिपीत आणली, त्याने माझ्यासारख्यांचा विचार केला असणार.

सही हा त्याहून नवलाचा प्रकार. डाव्या हाताने सही काढली, म्हणजे अक्षरशः काढली. अक्षर थरथरतं, रेघ जाड-बारीक, पण आडनावाच्या शेवटी मी कॉलेजपासून मारत आलेला तो उगाचचा फटकारा, तो तिथेच, त्याच कोनात. याला हा फटकारा कुणी शिकवला? निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने ओळखलं होतं, की अक्षराचं वळण बोटांत नसतं, मेंदूत असतं. बोटं, कोपर, पायाचा अंगठा, कुणालाही पेन्सिल द्या, वळण तेच उतरतं. म्हणजे डाव्याला सगळं येत होतं, फक्त वापरायला कधी मिळालं नव्हतं.

या विद्येत आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे गांधीजी. १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज्य' लिहून काढलं. गुजराती हस्तलिखिताची २७५ पानं, आणि त्यांतली ४० डाव्या हाताने, कारण उजवा दुखायला लागला. बोट हलतेय, हात बदललाय आणि लिहायचं काय, तर साम्राज्याविरुद्धचा युक्तिवाद! मला स्थिर टेबलावर 'कमळ बघ' जमत नव्हतं. स्वतःच्या अक्षराची मात्र त्यांना आयुष्यभर खंत होती. आत्मकथेत ती बोलून दाखवताना ते सुचवतात, की मुलांना अक्षरं शिकवण्याआधी चित्रं काढायला शिकवावं. वाचलं आणि मी वही मिटून कोरे कागद आणले.

आणि इथे मात्र गोष्टच बदलली.

उजव्या हाताने मी गेली पन्नास वर्षं एकच चित्र काढत आलेय. दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली झोपडी, झोपडीवरून निघालेली नदी आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्रात बाजार काढायचा होता, तरी मी मागे ते दोन डोंगर घातलेच. फोनवर बोलताना आजही वर्तमानपत्राच्या कडेला तेच उगवतात. उजव्याला समोर काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं. बरणी म्हटलं की त्याच्याकडे एक ठरलेली बरणी असते, ती तो देऊन मोकळा होतो.

डाव्याकडे तयार माल नाही. ओट्यावरची लोणच्याची चिनीमातीची बरणी समोर ठेवली, तर तो दर बोटभर रेघेनंतर थांबून परत बघायला लावतो. त्यामुळे मला पहिल्यांदा दिसलं, की बरणीचा पांढरा भाग आणि वरचा तपकिरी भाग जिथे मिळतात ती कड सरळ नाही, एका जागी तपकिरी रंग ओघळून थांबलाय. झाकणाला बांधलेल्या फडक्याच्या गाठीचं एक टोक लांब आहे. ही बरणी माझ्या लग्नाच्याही आधीपासून या घरात आहे आणि मी तिला हजारदा हात लावलाय. चित्र म्हणाल तर बरणी थोडी कलली, पण ती हीच बरणी आहे, दुसरी कुठली नाही. घरातल्या प्रत्येकाने ती ओळखली. उजव्याची बरणी सुबक येते आणि कुणाच्याच घरची नसते.

माझे धाकटे दीर रविवारी आले तेव्हा सगळे कागद टेबलावरच पसरलेले होते. हे भाऊजी जन्माचे डावखुरे. क्रिकेट डावं, कॅरम डावा, खिळा ठोकणं डावं. लिहितात तेवढं उजव्याने. दुसरीत असताना शाळेत पट्टी खाऊन त्यांचा हात बदलला गेला. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "वहिनी, छान आहे. मी गेली पन्नास वर्षं हेच करतोय, पण माझ्यावर कुणी लेख लिहिला नाही."

आम्ही सगळे हसलो, आणि मग ते हसू जरा अडकलं. या घरात एक माणूस जन्मभर आपल्या शिकाऊ हाताने लिहितोय, आणि त्याच्या अक्षराला आम्ही कोंबडीचे पाय म्हणत आलो होतो. सासूबाई फडक्याने टेबलाचा एकच कोपरा पुसत राहिल्या. "तेव्हा तसंच होतं रे," त्या म्हणाल्या. "गुरुजी म्हणतील ते." भाऊजींनी विषय वाढवला नाही. त्यांनी माझी वही उजवीकडे तिरपी केली, पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला लावली, हात ओळीच्या खाली ठेवायला सांगितला. पाच मिनिटांत 'व'चं पोट जागेवर आलं. पाऊल क्ले हा थोर चित्रकार लिहायचा उजव्याने आणि चित्रं रंगवायचा डाव्याने, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहिण्यावर मास्तरांचं लक्ष असतं. चित्र कुठल्या हाताने काढतोय ते कोण बघतंय?"

वही तिरपी केली, पण ती जागेवर राहीना. हा मला सगळ्यांत अनपेक्षित गेलेला भाग. डावा लिहीत होता, म्हणजे कागद धरायचं काम उजव्याचं. पण उजव्याला ते येतच नाही! एक तर तो कागदावर वजन टाकून मख्ख बसतो, नाही तर भलत्या क्षणी ओढतो. ईव्ह गियार या फ्रेंच संशोधकाने १९८७ साली यावर एक सुरेख प्रयोग मांडला होता. लिहायच्या कागदाखाली कार्बन घालायचा आणि त्याखाली टेबलाला चिकटवलेला दुसरा कागद. वरचं पान भरून जातं. खालच्या कागदावर मात्र त्या सगळ्या ओळी लहानशा जागेत एकमेकींवर चढलेल्या सापडतात. म्हणजे पेन फारसं कुठे जातच नाही, दुसरा हात त्याच्याखाली कागद हलकेच सरकवत राहतो. ज्याला मी इतकी वर्षं शेजारी नुसता बसलेला समजत होते, तो पान चालवत होता.

मग मी घरभर बघत सुटले. कणीक तिंबताना परात फिरवतो डावा. सुईत दोरा ओवताना सुई धरून ठेवतो डावा. विळीवर भाजी चिरताना तर पातं जागच्या जागी उभं, आणि वांगं दोन्ही हातांनी पुढे सारायचं, तरी त्यातही शेवटच्या फोडीला बोटं कधी मागे घ्यायची हे डाव्यालाच कळतं. उजव्याला यातलं एकही काम देऊन बघा.

मी दिलं. संकष्टीला नारळ फोडायचा होता. नारळ उजव्या हातात घेतला, कोयता डाव्यात, आणि शेंडीचा अंदाज घेत होते, तेवढ्यात हे धावत आले. "अगं ए, लिहायचं ते लिही, काढायचं ते काढ. नारळ इकडे दे." सासूबाईंनीही त्यांचीच बाजू घेतली. भाऊजी दारात उभे राहून बघत होते.

नारळाचे तीन तुकडे झाले, एक थेट मोरीपर्यंत गेला आणि निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. ह्यांनी तो उजव्या हाताने फोडला होता.