हायड्रोमीटरवाले दाजी

अधिक महिना लागला की जावयाला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, 33 अनारसे द्यायचे आणि तो जे बोलेल ते मान डोलवत ऐकायचं, अशी आपल्याकडची रीत. पहिल्या तीन गोष्टींना नुसता पैसा लागतो.

ओहायोचे दाजी घरी बिअर करतात. पितात बेताचीच, करतात मात्र जीव ओतून. पिण्याचा विषय त्यांचा दोन मिनिटांत उरकतो, करण्याचा तासाभरात, आणि बिअरचं किट कुठल्या दुकानदाराकडून घ्यावं हा विषय निघाला की गोठ्यात गाई धारेसाठी हंबरायला लागल्या तरी संपत नाही. अशा माणसाची सासुरवाडी पुण्यात हवी होती. निघाली हिवरे बाजारला. सोयरीक जुळवताना पत्रिका बघतात, जमीन बघतात, पगार बघतात. छंद कोण बघतो?

हिवरे बाजारची पंचसूत्री शाळेतल्या पोरांनाही पाठ असते: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि नशाबंदी. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गावात दारूच्या 22 भट्ट्या होत्या असं सांगतात. त्या गेल्या त्या गेल्याच. वर राज्याचा 1949चा दारूबंदी कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय घरी बिअर आंबवणं म्हणजे गुन्हा. अमेरिकेत मात्र 1978 साली अध्यक्ष कार्टरनी एका कागदावर सही केली आणि दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाकाठी 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर बिअर करायची मोकळीक मिळाली. दाजी हे अशा थाटात सांगतात की कार्टर त्यांचे चुलते वाटावेत. पण माणूस कायद्याला धरून चालणारा. किट तिकडेच ठेवून येतात, इकडे फक्त बोलतात. बोलण्यावर ग्रामसभेनं अजून बंदी घातलेली नाही.

यंदा ओट्यावर बैठक बसली. दाजींनी सुरुवात केली की किटमध्ये जवाच्या माल्टचा दाट अर्क असतो, थोडं भाजलेलं धान्य, हॉप्सची फुलं आणि यीस्टची पुडी. त्यातून पाच गॅलन, म्हणजे 19 लिटर बिअर होते, पन्नासेक बाटल्या भरतात.

"फुलं कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"कडवटपणा येतो, मामा."

"कडूच करायची तर बांधावर लिंब आहे की."

दाजी हरणारे नव्हते. दुकानदार पारखायचा कसा, यावर ते आले. हॉप्स तो हवा काढलेल्या पाकिटात, फ्रिजमध्ये ठेवतो का ते बघायचं. उघड्या बरणीतली फुलं जुनी झाली की त्यांना चीजसारखा वास मारतो. अर्क भरल्याची तारीख बघायची, कारण पडून राहिलेला अर्क काळपट होतो. यीस्ट जिवंत असतं, उन्हात तापलेल्या गाडीतून आलं तर त्याचा भरवसा नाही. म्हणून उन्हाळ्यात बर्फाची पिशवी घालून पाठवणारा दुकानदार तो खरा. आणि पिंपाच्या तोटीचं वॉशर सुटं विकत असेल तर त्याला सोडायचंच नाही. वीस वस्तूंचं भलंमोठं खोकं गळ्यात मारणारे पुष्कळ असतात, वॉशर मागितलं की तेच फोन उचलत नाहीत.

मामा शांतपणे ऐकत होते. चाळीस वर्षं कांद्याचं बी विकत घेतलेला माणूस. दुकानदार या प्राण्यावर त्यांचा अभ्यास दाजींपेक्षा दांडगा.

"पावती पक्की घेता का?"

"ईमेलवर येते."

"लॉट नंबर असतो तिच्यावर?"

दाजी थबकले.

"उगवणशक्ती किती टक्के, ते लिहिलेलं असतं का पुडीवर? तुम्हीच म्हणता जिवंत हाये म्हणून. आमच्याकडं जिवाणू खताचं पाकीट दुकानदारानं उन्हात मांडलेलं दिसलं, की आम्ही पायरी चढत नाही."

"त्या दुकानाला पाच तारे आहेत, मामा."

"कुणी दिले?"

"लोकांनी."

"कुठल्या लोकांनी? त्यांच्या रानात पीक उभं राहिलेलं तुम्ही बघितलं का?"

इथे दाजींनी अनारसा उचलला.

मग त्यांनी खिशातून हुकमी पत्ता काढला, म्हणजे काचेची नळी. हायड्रोमीटर. हा पाण्यात एकवर उभा राहतो, गोड रसात 1.045च्या आसपास वर तरंगतो, यीस्टनं साखर खाल्ली की 1.010पर्यंत बुडतो, किती साखरेची दारू झाली ते त्यावरून कळतं. गाव अचंबित होईल अशी त्यांची अपेक्षा होती. पण मेव्हणा रोज दोन वेळा डेअरीवर दूध घालतो. त्यानं नळी उजेडात धरली.

"दाजी, हा तर लॅक्टोमीटर. आमच्या संकलनाला असलाच असतो. फक्त आमची डिग्री उतरली की पाणी घातलं म्हणून दूध परत येतं. तुमची उतरली की तुम्ही पार्टी करता."

सगळे हसले. दाजीही हसले, खिलाडू माणूस आहे. एवढ्यात कोपऱ्यातले म्हातारबा, जे तोवर डोळे मिटून होते, डोळे न उघडता म्हणाले, "रसायन किती दिवस ठिवता?"

काळा गूळ आणि नवसागर घालून मुरत ठेवतात त्याला रसायन म्हणतात, हे एक पोलिसांना ठाऊक आणि दुसरं भट्टीवाल्यांना. म्हातारबा पोलिसात कधीच नव्हते.

"दोन आठवडे," दाजी उत्साहानं म्हणाले.

"लई झाले. थंडीत एक येळ ठीक हाय, पर उन्हाळ्यात..." म्हातारबांना ओट्यावरची शांतता जाणवली. नातू टक लावून बघत होता. "असं पेपरात आलं व्हतं," ते म्हणाले. म्हातारबांना वाचता येत नाही.

विषय बदलावा म्हणून दाजींनी बाटल्या कशा ठेवायच्या ते सांगितलं: उभ्याच ठेवायच्या, म्हणजे गाळ तळाशी बसतो. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आमच्या माहेरात दारूबंदीसाठी बायकांचं मतदान झालं तेव्हा मी मुद्दाम जाऊन आले. समद्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला." आणि आणखी दोन धोंडे वाढले. जावयाचा मान वेगळा, मत वेगळं.

शेवटचा प्रश्न मामांचाच. 19 लिटरला पाणी किती लागतं? दाजी प्रामाणिक आहेत. उकळायला पंचवीस लिटर, मग तांब्याच्या नळीतून वाहतं पाणी सोडून रस गार करायचा, पिंप धुवायचं, बाटल्या धुवायच्या; धरा शे-सव्वाशे लिटर. पावसाळा संपला की किती मिलिमीटर पडला ते मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवणारं हे गाव. उसाला आणि केळीला इथे नाही म्हटलेलं आहे. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि लांब बघत म्हणाले, "पाव्हणं, दारूचं जाऊ द्या. तुम्ही ताळेबंदातच बसत नाही."

परत गेल्यावर दाजींनी दुकानदाराला फोन करून लॉट नंबर विचारला म्हणे. तिकडचा पोरगा आधी गोंधळला, मग गोदामात जाऊन बघून आला. चार दिवसांनी बर्फाच्या पिशवीसकट पुडी आली, वर लॉट नंबर, मुदत, सगळं छापलेलं. दाजींनी तिचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मेव्हण्यानं अंगठा दाखवला, सासूबाईंनी हात जोडले. मामांचं उत्तर रात्री आलं: "रिकामी पुडी फेकू नका. माल फेल गेला तर तक्रारीला लागते."