आम्हाला न विचारल्याबद्दल आभार

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य, महाराष्ट्र विधिमंडळ,
मुक्काम मुंबई, हिवाळ्यात नागपूर

विषय : लोकायुक्त कायदा करताना आम्हांस तसदी न दिल्याबाबत



मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव येथून हे आभाराचं पत्र. 18 डिसेंबर 2022 रोजी लोकायुक्त विधेयकाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाल्याचं नागपुरात जाहीर झालं आणि 28 तारखेला विधानसभेने ते मंजूरही केलं. चर्चा झाली नाही, कारण शिक्षक पात्रता परीक्षेतल्या कथित घोटाळ्यावरून विरोधकांनी सभात्याग केला होता. घोटाळ्याचा निषेध करणारे बाहेर आणि घोटाळे रोखणारा कायदा आत, अशी कामाची वाटणी झाली. एवढ्या घाईगर्दीत आम्हाला विचारायला कुणाला सवड असणार? तक्रार नाही. उलट आमच्या वेळेची आपण किती कदर करता, हे कळलं.

अडचण एवढीच, की आम्हाला विचारलं जाण्याची सवय आपणच लावली आहे. नगरपरिषदांसाठी आपण 1965 साली केलेला कायदा बघा. घरपट्टीची आकारणी यादी जाहीर करावी लागते, हरकती घ्याव्या लागतात, हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. नगरपरिषदेला साधा उपविधी करायचा असला तरी आधी मसुदा प्रसिद्ध करणं भाग आहे. विकास आराखड्याचंही तेच. अमुक गटातून रस्ता जातो म्हटलं की नकाशा भिंतीवर लागतो आणि लोक त्याला नाक लावून आपला बांध शोधतात. याहून ताजा दाखला आमच्या पत्त्यातच आहे. उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव करताना शासनाने 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रीतसर हरकती व सूचना मागवल्या आणि सप्टेंबरमध्ये अंतिम अधिसूचना काढली. जिल्ह्याचं नाव काय असावं यावर ज्याचं मत ग्राह्य, त्याला जिल्ह्यातल्या भ्रष्टाचाराची चौकशी कशी व्हावी हे मात्र उमगत नाही, असं आपलं गणित दिसतं.

विचारलं असतं तर आम्ही काय दिवे लावले असते, असं आपण म्हणाल. फार नाही, दोन कलमांवर बोट ठेवलं असतं. मुख्यमंत्री लोकायुक्तांच्या कक्षेत आणले, याचा गाजावाजा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण विधेयकातल्या तरतुदीनुसार त्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 288 पैकी 192 जणांची संमती लागते. ज्याच्या पाठीशी बहुमत तो मुख्यमंत्री. आणि त्याची चौकशी व्हायची, तर त्याहून मोठं बहुमत त्याच्या विरोधात उभं राहायला हवं. म्हणजे दार केलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली आतल्या माणसाच्या खिशात ठेवली. दुसरी तरतूद अशी, की ही चौकशी गुप्त राहील आणि तक्रार फेटाळण्याजोगी ठरली तर तिची कागदपत्रं कुणालाही मिळणार नाहीत. मुख्यमंत्री निर्दोष असतील तर ते कागदावर दिसणं त्यांच्याच हिताचं नाही का? ही शंका यायला वकिली शिकावी लागत नाही. मात्र ज्याच्यावर कायदा लागू व्हायचा तोच मसुदा मंजूर करत असेल, तर ती विचारायला बाहेरचं कुणीतरी लागतं.

यावर आपली उत्तरं आम्हाला ठाऊक आहेत. लोकांना विचारलं होतं, हे पहिलं : अण्णा हजारे यांनी 2019 च्या जानेवारी-फेब्रुवारीत राळेगणसिद्धीत उपोषण केलं, त्यानंतर संयुक्त मसुदा समितीत त्यांचे प्रतिनिधी घेतले. खरं आहे आणि ते घडलं हे चांगलंच झालं. पण सरकारने मसुदा दाखवावा म्हणून एका वयोवृद्ध माणसाने जेवण सोडायचं, ही लोकसहभागाची रीत फार महागडी आहे. आणि प्रतिनिधी अण्णांचे होते. मुरुमच्या माणसाने तो मसुदा कुठे वाचायचा होता?

दुसरं उत्तर वेळेचं. लोकांना विचारत बसलं तर कायदे रखडतील. ठीक, पण विधानसभेने 2022 च्या डिसेंबरात मंजूर केलेलं हे विधेयक विधान परिषदेत मंजूर झालं ते 2023 च्या डिसेंबरात. मधलं वर्षभर मसुद्यावर धूळ बसत होती, आणि त्याच वर्षात जिल्ह्याच्या नावाच्या हरकती घेऊन अंतिम निर्णयही झाला होता. आम्ही निवडून आलोय, मग पुन्हा लोकांना कशाला विचारायचं, हे तिसरं. नगरसेवकही निवडूनच येतात, तरी त्यांच्यावर विचारण्याची सक्ती आपणच केली आहे.

लोक वाचत नाहीत, हा समजही सोडावा. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा 12 हजारांवर सूचना आल्या. मसुद्यात बदल मोजकेच झाले आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं, पण लिहिणारे लिहून मोकळे झाले. आता त्यांना उत्तर हवं.

तेव्हा मागणं साधं आहे. केंद्राचं 2014 चं विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायला सांगतं, सोप्या भाषेतल्या टिपणासह. ते धोरणच आहे, न पाळल्याने कुणाची खुर्ची जात नाही, म्हणून केंद्रातही ते सोयीने पाळलं जातं. आपण त्याचा कायदा करा, निदान भ्रष्टाचारविरोधी कायद्यांपुरता. मसुदा मराठीत तहसील कार्यालयात आणि नगरपरिषदेत लावा. आणि मुदत संपल्यावर तीन रकान्यांचा तक्ता छापा : हरकत, निर्णय, कारण. तिसऱ्या रकान्यात लिहिण्याजोगं काही नसेल तर तो कोराच छापा. बाकीचं आम्ही समजून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुरुमचा एक करदाता