उतार पाहून ट्रॅक्टर

पिट्सबर्गमधली सपाट जमीन बहुतेक नद्यांच्या काठाला आहे आणि ती पोलादवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी फार पूर्वीच अडवून ठेवली. बाकीच्यांनी टेकड्यांवर घरं बांधली. वरच्या माणसांना खाली कामावर पोचवायला दोरावर चालणाऱ्या तिरक्या गाड्या आल्या. १८७० साली सुरू झालेली त्यातली एक अजून चालते. शहरात सातशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत, आणि त्यांतले काही नकाशावर चक्क रस्ते म्हणून मिरवतात. बीचव्ह्यू भागातला कँटन अ‍ॅव्हेन्यू तर ३७ टक्के चढाचा आहे. अमेरिकेतल्या सगळ्यात उभ्या रस्त्यांमध्ये त्याचं नाव घेतात, लोक मुद्दाम फोटो काढायला जातात. आम्ही जात नाही. आमच्या घरामागे त्याहून उभी जमीन आहे, तिच्यावर गवत आहे आणि ते आम्हाला कापावं लागतं.

गवत वाढलं की टाउनशिपचं पत्र येतं. पत्राची भाषा अत्यंत सभ्य असते, म्हणून ते जास्त लागतं. आमचं गवत एक कॉलेजकुमार कापायचा. तो पदवीधर झाला आणि अर्थातच गवत कापेनासा झाला. शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते ढकलायच्या मशीनला दोर बांधतात, स्वतः वर उभे राहतात आणि मशीन उतारावर सोडून विहिरीतून पोहरा काढावा तसं वर ओढतात. हे त्यांनी मलाही शिकवायची तयारी दाखवली. बायको म्हणाली, "आधी विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते दाखव."

म्हणून ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की पुरुष पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतो. मीही विचारली. विक्रेत्याला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचं उत्तर प्रत्येक वेळी पुढच्या, महागड्या मॉडेलकडे बोट दाखवतं. हॉर्सपॉवर झाली की तो कप ठेवायची खाच दाखवतो. मग हेडलाइट. रात्री गवत कापणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण हेडलाइट सगळ्यांना असतात. उताराचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "चढेल की आरामात!"

त्या वर्षी आमचे आबा वाईहून उन्हाळ्यापुरते आले होते. विक्रेत्याचं बोलणं मी मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आणि उतरतो कसा?"

आबांची सगळी हयात पसरणी घाटाखाली गेली. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा आणि उतारावर न्यूटल करणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत बसायचं नाही, ही त्यांची दोन तत्त्वं. गंमत म्हणजे छोट्या ट्रॅक्टरचं सगळं शास्त्र त्यांच्या या एका प्रश्नात बसतं. गिअरवाल्या स्वस्त ट्रॅक्टरचा क्लच उतारावर दाबला की इंजिनाचा चाकांशी संबंध संपतो आणि पुढचं सगळं ब्रेकवर आणि नशिबावर. हायड्रोस्टॅटिकमध्ये चाकं फिरतात तेलाच्या दाबावर. पेडल सोडलं की गाडी धावत सुटत नाही, आवरते. हे ऐकून आबांनी त्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात फिरवला. त्यांच्या पसंतीची ही खूण मी बैलबाजारात पाहिली आहे.

मग झिरो-टर्न. जागच्या जागी गर्रकन फिरणारं, दोन दांड्यांवर चालणारं हे यंत्र दुकानासमोरच्या सपाट डांबरावर इतकं देखणं दिसतं की माणूस खिशात हात घालतो. पण त्याची पुढची दोन चाकं नुसती सोबतीला असतात. वळणं, थांबणं, सगळं मागच्या दोन चाकांच्या हाती. ओल्या उतारावर ती घसरली की दांड्या कितीही ओढा, यंत्र स्वतःच्या मर्जीने खाली जातं, आणि आमच्या खाली ओढा आहे.

आता डिफरन्शिअल. ट्रॅक्टर उतारावर आडवा गेला की वजन खालच्या चाकावर येतं, वरचं हलकं होतं आणि नुसतंच गरगर फिरतं. आणि साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा, की जे चाक रिकामं फिरतंय त्यालाच फिरवत राहायचं आणि ज्याने भार उचललाय ते जागच्या जागी. म्हणून डिफरन्शिअल लॉक हवा, दोन्ही चाकांना सक्तीने एकत्र फिरवणारा. मी वीस वर्षं नोकरी करतोय. आमच्या ऑफिसात तो लॉक बसवता येईल का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण आबांना खरा धक्का बसला तो टायरपाशी. ट्रॅक्टर उलटू नये म्हणून त्याचं वजन खाली हवं, त्यासाठी मागच्या टायरांत पाणी भरतात. इकडे थंडीत पाणी गोठतं, म्हणून बिटाची साखर काढल्यावर जो काळपट रस उरतो तो भरतात. पाण्यापेक्षा जड, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारा आणि रिमला न गंजवणारा.

"म्हणजे मळी?" आबा म्हणाले.

"मळीच म्हणायची."

"टायरात?"

"टायरात."

साखर कारखान्याचे सभासद म्हणून आबांचं मळीविषयी स्वतःचं धोरण आहे. मळीची दारू होते, मळीवरून वार्षिक सभेत खुर्च्या उचलल्या जातात. ती मुकाट्याने चाकात भरून कुणी गवत कापत असेल, आणि त्यावरून एकही भाषण होत नसेल, हे त्यांना पटेना.

त्याच दुकानात एका कोपऱ्यात लाल महिंद्रा उभा होता. महिंद्राचे ट्रॅक्टर १९९४ पासून अमेरिकेत विकले जातात, पण आबांना ते कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून फोटो काढून घेतला. मग विक्रेत्याला माझ्यामार्फत प्रश्न विचारले: डिझेल किती पितो, नांगर किती फाळांचा ओढतो, उसाची ट्रॉली भरलेली असताना पुढून उचलतो का? विक्रेता म्हणाला, गवत कापायला उत्तम आहे. कापलेलं गवत कुठे नेतात, असं आबांनी विचारलं. कुठेच नाही, तिथेच पडू देतात. गुरं? नाहीत. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी येताना गाडीत म्हणाले, "खत घालून वाढवायचं, डिझेल जाळून कापायचं आणि खायला कुणी नाही. ट्रॅक्टर चांगला आहे रे, शेतकऱ्याचं काही खरं नाही."

मोजमाप त्यांनीच करायला लावलं. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत एक पान असतं जे कुणी उघडत नाही. त्यावरच्या तिरक्या रेघेवर कागद दुमडायचा, उभ्या झाडाच्या किंवा खांबाच्या रेषेत धरायचा आणि जमीन त्या घडीपेक्षा उभी आहे का ते पाहायचं. बहुतेक कंपन्यांची मर्यादा १५ अंश, म्हणजे १०० फुटांत सुमारे २७ फूट चढ. मी एका डोळ्याने विजेच्या खांबाकडे बघत कागद धरून उभा असताना शेजारच्या गृहस्थांनी काळजीने विचारपूस केली. निकाल असा लागला: घराजवळ ८ अंश, मध्यावर १४, ओढ्याकडे २१. मर्यादेची रेषा बरोबर हायड्रेंजियाच्या रांगेवरून जात होती. बायकोने तिथे कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "या खाली ट्रॅक्टर गेला तर तूही तिकडेच राहायचं."

दोरीखालच्या तुकड्यासाठीही यंत्र आहे. ओहायोतल्या ऑरव्हिल गावी व्हेंट्रॅक नावाचा ट्रॅक्टर बनतो. तो कमरेत वळतो, गवत कापायचं पातं पुढे धरतो आणि जोडचाकं लावली तर ३० अंशांपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. त्याची किंमत ऐकल्यावर बायको म्हणाली की तेवढ्यात जमीन सपाट होईल. आबा तेच म्हणत होते: ताली घाल. वरईच्या उतारावर औत कोण नेतं? दगडी बांध घाला, टप्पे पाडा. एका ठेकेदाराने येऊन बांधाचा अंदाज दिला, त्यानंतर व्हेंट्रॅक स्वस्त वाटायला लागला.

शेवटी दोरीच्या वरच्या भागासाठी जुना पण दणकट गार्डन ट्रॅक्टर घेतला. हायड्रोस्टॅटिक, डिफरन्शिअल लॉक, बुटका, रुंद बुडाचा. डोक्यामागे लोखंडी कमान असलेलाच हवा, यावर मी अडून बसलो. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चेंगरू नये म्हणून ती असते. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली. पट्टा बांधला तरच तिचा उपयोग. पट्ट्याविना माणूस आधी बाहेर पडतो आणि मग कमान त्याच्यावर. ट्रॅक्टर उतारावर उभा, वर-खाली चालवायचा, आडवा नाही. ढकलायचं मशीन मात्र आडवंच न्यायचं, नाहीतर पाय घसरून पात्याखाली जातो. घोकून ठेवावं असं हे एवढंच. बायकोला विचाराल तर इंजिनाची ताकद ती सांगू शकणार नाही, पण ट्रॅक्टर माझ्यापेक्षा चांगला तीच चालवते.

दोरीखाली कापणं बंद झालं आणि एका मोसमात तिथे काटेरी गुलाब, पॉयझन आयव्ही आणि नावं माहीत नसलेलं बरंच काही माजलं. पिट्सबर्गमध्ये अशा उतारांवर शेळ्या सोडायची पद्धत आता रुळली आहे. शहराच्या बागांमध्येही सोडतात. शेळ्यांना पॉयझन आयव्ही पचते. मी आबांना म्हटलं, गवत खायला शेळ्या येणार आहेत. "शेळी गवत कशाला खाईल? पाला खाईल. गवताला मेंढरू," आबा म्हणाले. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

शेळ्या आल्या, राखणीला एक गाढव आलं आणि त्यांच्याबरोबर विजेच्या तारेचं कुंपण घालणारी एक तरुण मुलगी आली. आबांनी खुर्ची दोरीपाशी मांडून घेतली. पैसे आपण देणार, हे ऐकून ते चमकले.

"चारा आपला, रान आपलं आणि पैसेही आपलेच?"

मी म्हटलं, "आबा, आपल्याकडे शेतात मेंढरं बसवायला धनगराला धान्य देतोच की आपण."

"देतो. पण ते खतासाठी." त्यांनी थोडा विचार केला आणि काठीने त्या मुलीकडे खूण केली. "तिला विचार, लेंड्या कुणाच्या?"

मी विचारलं. असा करार तिने आजवर केलेला नव्हता. तिने कळपाकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सगळ्या तुमच्याच."

"गाढवाच्याही?" आबा म्हणाले.